डिस्टॉर्शनची पूजा

मी हे लिहिणार नव्हतो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या दिवाळी अंकाला मजकूर कमी पडला, म्हणून रंगनाथ माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि उठायचं नावच घेईना. "कारभारी, तुझा तो स्टेजवरचा किस्सा लिही," म्हणे. म्हटलं, बाबा, मी चौथी शिकलेला माणूस, सातपूरच्या प्रेस शॉपमध्ये जन्म घालवला, मला पत्रा ठोकता येतो, लेख नाही. तर म्हणे, "जसा बोलतोस तसा लिही." जसा बोलतो तसा लिहिलं तर अंक कोण छापील? पण हा गडी माझ्याच घरचा चहा पीत बसलेला, दुसरा कप मागायच्या बेतात. तो जावा म्हणून हो म्हटलं. आता वाचा. हसायचं असेल तर आपापल्या घरी हसा, कट्ट्यावर माझ्या तोंडासमोर नको.

या किश्शाची सुरुवातही एका 'हो'नंच झाली. (मी आयुष्यात फार कमी वेळा हो म्हटलंय आणि दर वेळी अंगाशी आलंय. लग्नाच्या वेळचं सांगत नाही, लंकाबाई अंक वाचते.)

माझी नात हर्षाली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गिटार वाजवते. विजेवरची. तिची मैत्रीण अरिबा गाते आणि गाता गाता चार तारांची जाडी गिटार वाजवते, निकिता ड्रम बडवते. तिघींनी मिळून बँड काढलाय, नाव 'भोंगा'. कंपनीच्या भोंग्यावरच गाणं केलंय. मी उभा जन्म त्या भोंग्याला शिव्या घातल्या, आणि या पोरी त्याच्यावर गाणं म्हणतात.

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा संतोष, याला ते पसंत नाही. त्याचं म्हणणं, शेवटचं वर्ष आहे, कंपन्या कॉलेजात येतील, पोरीनं अभ्यास करावा. महिनाभर बापलेकीची धुसफूस चालली होती. मग एका सकाळी नाष्ट्याला पोहे खाता खाता तो म्हणाला, "नवरात्रात ती बँडची स्पर्धा आहे ना? नंबर काढ, गिटार ठेव. नाही काढला तर दसरा झाला की गिटार विकायची आणि पुस्तकाला हात लावायचा. बोल."

"चालेल पप्पा," हर्षाली म्हणाली. पण पोहे तसेच ठेवून उठली.

मग पोरगी माझ्याकडं आली. "आबा, मला एक पेडल घ्यायचंय. पप्पा येणार नाहीत. तुम्ही चला ना दुकानात."

"कसलं पेडल? सायकलचं?"

"डिस्टॉर्शनचं. माझ्या गिटारचा आवाज फार स्वच्छ येतो. मला तो फाटलेला पाहिजे."

आता हे ऐकून कुणीही शहाणा माणूस तिथंच नाही म्हणाला असता. आमच्या तरुणपणी रेडिओचा आवाज फाटला की आम्ही त्याच्या पाठीत दोन चापट्या घालायचो. ही म्हणते, चांगला आवाज आहे, तो पैसे देऊन फाडून आणायचाय. पण तिचे ते ताटात राहिलेले पोहे माझ्या डोळ्यासमोर होते. म्हटलं, "हो."

कादरभाईचं वाद्यांचं दुकान शालिमार चौकाच्या मागच्या गल्लीत. पुढं पेट्या, तबले, ढोलक, असलं माणसांचं सामान, आणि मागच्या खोलीत गिटारी. त्यानं काचेच्या कपाटातून लोखंडी डब्या काढल्या. तळहातावर मावेल एवढी डबी, वर फिरवायच्या तीन कळा आणि खाली एक जाडजूड बटण. गिटारची वायर एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर.

"हे ओव्हरड्राइव्ह, चाचा," कादरभाई म्हणाला. "आवाज थोडा तापतो, बस. शरीफ आदमी जरा चिडला तर कसा बोलेल, तसा."

हर्षालीनं तारा छेडल्या. ठीक होतं. चिडलेला होता पण घरातला वाटत होता.

"आणि हे फझ."

फझचं काय सांगू. पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडाव्या आणि डबा जिन्यावरून सोडून द्यावा. मी डबी उचलून उलटीसुलटी बघितली.

"कादरभाई, ही बिघडलीय. भाव कमी कर."

"बिघडली नाही चाचा, कंपनीतूनच अशी येते."

"कंपनीनं बिघडवून पाठवली? मग अजून कमी कर."

हर्षालीनं माझा सदरा ओढला. म्हणाली, "आबा, तुम्हाला मिसळीवरून सांगते. ही गेनची कळ म्हणजे तर्री. वाढवत जाल तसा आवाज जळजळीत होतो. पण तर्री फार ओतली की मटकी कुठली आणि फरसाण कुठलं, काही कळत नाही, नुसतं नाकातून पाणी. मला हेवी पाहिजे, पण प्रत्येक तार वेगळी कळली पाहिजे. खालच्या तारा धरल्या की समोर भिंत उभी राहिली पाहिजे."

मिसळीवर आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. (शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर मी पाचवीत गेलो असतो.)

पण घ्यायची कशी? पितृपक्ष लागला होता. लंकाबाईनं घरातून निघतानाच सांगितलं होतं, "पितरांच्या दिवसात नवी वस्तू घरात आणायची नाय. बघायची तर बघा." म्हणून आम्ही बघायला जायला लागलो. रोज. सकाळी जेवलो की मी आणि हर्षाली बसनं शालिमारला. तिचं कॉलेज असलं की मी एकटा. हो, एकटा. कादरभाईच्या मागच्या खोलीत ड्रमवाल्याच्या गोल स्टुलावर बसायचं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचं की गेन कमी कर, मटकी दिसत नाही. आठवड्याभरात कादरभाई मला चहा विचारायचा बंद झाला. माणूस कामात असतो, मी मनावर घेतलं नाही.

शेवटी डबी ठरली ती शेजारच्या जयराम टेलरमुळं. मी त्याच्यावर नजर ठेवून होतो. ओव्हरड्राइव्ह लागलं की तो मान वर करत नसे. फझ लागलं की उठून नुसतं दार लावून घ्यायचा. पण डिस्टॉर्शनच्या एका काळ्या डबीवर हर्षालीनं खालच्या तारा दणकावल्या, तसा जयराम गळ्यात टेप घेऊन थेट आत आला आणि म्हणाला, "कादरभाई, माझ्या मशीनची सुई तुटली."

"हीच घे," मी हर्षालीला म्हटलं.

तिला पण तीच आवडली होती. म्हणाली, "आबा, याच्यात तारा वेगवेगळ्या कळतायत." मला काही कळलं नाही, प्रेसच्या दणक्यानं माझा डावा कान कधीच निवृत्त झालाय आणि उजवा असून नसल्यासारखा. पण सुई तुटलेली मी डोळ्यांनी बघितली. घटस्थापना झाली आणि डबी घरी आली. बटण दाबलं की तिच्यावर तांबडा दिवा लागायचा. दिवा लागला की आवाज फाटलेला, विझला की सरळ. मला ते पटलं. ऐकू येवो न येवो, दिसतं तरी.

आता खंडेनवमी. स्पर्धा त्याच दिवशी संध्याकाळी, गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या मैदानावर.

आमच्याकडं खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला लागतात. मी कंपनीत होतो तेव्हा प्रेसला झेंडूचा हार घालायचो, आता पान्यांना घालतो. लंकाबाईनं सकाळीच पांढरं धुतलेलं कापड अंथरलं. त्यावर माझे पाने, विळी, कात्री, शिलाई मशीनची चाकी, संतोषची मोजपट्टी, असं सगळं मांडलं. हर्षाली अंघोळीला गेली होती. मी बघितलं, पोरीचं हत्यार नाहीच. तिच्या खोलीतून गिटार आणली आणि ती काळी डबी पण आणली. स्वतःच्या हातानं डबी पुसली, मधोमध ठेवली, हळद वाहिली, कुंकू लावलं, बटणावर झेंडू ठेवला. फार छान दिसत होती. लंकाबाईनं उदबत्ती ओवाळली, आरती झाली, नैवेद्य झाला.

हर्षाली केस पुसत बाहेर आली. "आबा, पेडल का ठेवलं इथं? मला संध्याकाळी लागणारे ते."

"लागू दे की," लंकाबाई म्हणाली. "वाद्य हाय ते, वाजलंच पायजे. त्याला कोण अडवतंय?" मग डबीकडं कौतुकानं बघत तिनं विचारलं, "पण का गं, दोन्ही हात तर तुझे गिटारीवर. मग हे बटण दाबतीस कशानं?"

पोरगी खरं बोलते. (माझ्यावर गेलेली नाही.) म्हणाली, "पायानं."

घरात जे शांत झालं, तसं फक्त कंपनीत टाळेबंदी झाली तेव्हा झालं होतं.

"पूजा केलेल्या वस्तूला पाय?" लंकाबाई म्हणाली.

"आजी, ते असंच असतं. सगळ्या जगात लोक ते पायानंच दाबतात."

"जगानं पूजा केली नसंल."

हर्षालीनं कादरभाईला फोन लावला, दुसरी डबी मिळते का बघायला. तो दुकान बंद करून भाच्याच्या लग्नाला मालेगावला गेलेला. निकिताला लावला. निकिता म्हणाली, डबीवर कापड टाक आणि त्याच्यावरून दाब. फोन स्पीकरवर होता.

"कापडावरून पाय लागत नाय का?" लंकाबाईनं तिथूनच विचारलं. "चादर घेऊन झोपलेल्या माणसाला लाथ घालून बघ, काय म्हणतो ते."

"आजी, मग आताच उत्तरपूजा करून टाक ना."

"उत्तरपूजा उद्या. शंभर वर्षांत कधी नवमीला झाली नाय, तुझ्या डबीसाठी का करू? हात लाव, पाय नको, माझं एवढंच म्हणणं हाय. आन मी येणार हाय बघायला. पुढंच बसणार हाय."

हर्षालीच्या डोळ्यात पाणी आलं. "मी हात कुठून आणू? अरिबाचे दोन्ही हात गुंतलेले, निकिताचे पण. आणि हे बटण दाबल्याशिवाय गाणंच नाही. पहिलं कडवं सरळ, मग भोंगा वाजतो आणि सगळं फाटतं, शेवटचं कडवं परत सरळ. आज नंबर नाही आला तर गिटार जाईल, आजी."

 लंकाबाईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. संसारात माणसाला काही नजरा ओळखता येतात. गॅसची टाकी बदलायची नजर असते, नारळ फोडायची असते. ही नवी होती.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला काय काम हाय संध्याकाळी?"

दुपारी घरातच तालीम घेतली. संतोष रात्रपाळी करून आत झोपलेला, म्हणून गिटार स्पीकरला न लावताच वाजवली. मी डबीसमोर मांडी घातली. हर्षाली म्हणाली, "आबा, तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून खूण ठरवू. मी मान खाली केली की बटण दाबायचं. मान खाली, बटण. दुसरं काही करायचं नाही."

"डोळा मारलास तर?"

"मी डोळा मारणार नाही."

पोरगी जागेवर उभी राहून हळू आवाजात वाजवत होती. भोंग्याची जागा आली, तिनं सावकाश मान खाली केली, मी दाबलं, दिवा लागला. शेवटचं कडवं आलं, परत मान, परत दाबलं, दिवा विझला. म्हटलं, हेच काम असेल तर मी निवृत्तच झालो नसतो.

संध्याकाळी मैदानावर गेलो. सगळी पोरं काळ्या कपड्यात, अंगावर साखळ्या. मी पांढरं धोतर, टोपी, आणि लंकाबाईनं दिलेला लाकडी पाट. डबी जमिनीवर ठेवायची नाही, लोक बूट घालून फिरतात, म्हणून डबीला पाट. मला सतरंजी. डबीच्या कपाळावर कुंकू होतं, माझ्या पण. आमचा नंबर आला. निवेदन करणारा मनोज नावाचा पोरगा होता, तो माइक घेऊन माझ्यापाशी वाकला.

"आबा, तुम्ही काय वाजवता?"

"काही नाही. बटण दाबतो."

"आणि इफेक्ट्सवर आहेत, आबा," त्यानं मैदानाला सांगितलं. मैदानानं शिट्ट्या मारल्या. पुढच्या रांगेत लंकाबाई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. ती हर्षालीच्या पायांकडं बघत होती.

गाणं सुरू झालं. अरिबाचा आवाज मऊ. पहाटेची सातपूरची वस्ती, डबे भरणाऱ्या बाया, सायकलींच्या घंट्या, असलं काहीतरी. मी हर्षालीच्या मानेवर डोळे लावून, हात बटणावर धरून बसलो. भोंग्याची जागा आली. तिनं मान खाली केली. मी दाबलं. दिवा लागला.

आणि आवाज आला, तो असा, की ती भिंत खरंच उभी राहिली. माझ्या निवृत्त कानाला पण कळली. छातीत आमच्या जुन्या प्रेसचा दणका बसावा तसा बसला. म्हटलं, शाब्बास कारभारी, डबी निवडावी तर तुम्ही.

मग हर्षालीनं परत मान खाली केली.

मी दाबलं. दिवा विझला. आवाज एकदम सरळ, भजनाला बसल्यासारखा. मला वाटलं, एवढ्यात? पण आपलं काम दाबायचं, विचारायचं नाही. तेवढ्यात तिनं परत मान खाली केली. दाबलं. लागला. परत मान. दाबलं. विझला. आता तर पोरीनं केस मोकळे सोडले आणि मान अशी काही खालीवर करायला लागली, की देवी अंगात आल्यावर घुमतात तशी. मला दुपारी कुणी सांगितलंच नव्हतं, की हे लोक अशी गाणी मान घुसळल्याशिवाय वाजवू शकत नाहीत. मला वाटलं, पोरीनं आज काम वाढवलंय. मी पण प्रेस शॉपचा माणूस. रेट वाढला तर हात वाढवायचा. मान खाली, बटण. मान खाली, बटण. गिटारचा आवाज फाटतोय, शिवला जातोय, परत फाटतोय.

बाजूला बघितलं तर अरिबाची पण मान चालू. मागं निकिताची पण. आता यात कुणाची मोजायची? हर्षालीनं 'मी' म्हटलं होतं, पण वेळ अडचणीची होती, म्हटलं कुणाची राहायला नको. सगळ्यांच्या माना मी दाबून घेतल्या.

हर्षालीनं माझ्याकडं बघून जोरजोरात मान आडवी हलवली. ही खूण ठरलेली नव्हती. मी जरा विचार केला आणि खबरदारी म्हणून दोनदा दाबलं.

पण पोरगी हुशार. तिनं ओळखलं, आबा आता ऐकायचे नाहीत. वाजवत होती ते सोडून तिनं एकच सूर लांब धरून ठेवला आणि मान तालात हलवायला लागली. तिची मान, माझं बटण. तो एकच सूर कापला जाऊन, ठेका धरून, बाहेर पडायला लागला. निकितानं ड्रम त्याच्याबरोबर बसवले. मैदान टाळ्यांनी ठेका धरायला लागलं. मला वाटलं, जमलं.

जमलं असतं. पण मांडी घालून बसून माझा उजवा पाय मेला होता. मुंग्या अशा आल्या की सोसवेना. शेवटचं कडवं जवळ आलेलं. हर्षालीनं मान उचलली, सगळ्या थांबल्या, आणि तिनं दुपारच्यासारखी सावकाश मान खाली केली. मी हात पुढं करणार, तेवढ्यात मेलेला पाय आपोआप सुटला आणि टाचेनं, पूर्ण टाचेनं, पाटावरच्या डबीवर येऊन बसला.

खटकन दिवा विझला. आवाज सरळ झाला. अरिबानं शेवटचं कडवं उचललं. अख्ख्या गाण्यात इतक्या वेळा बटण दाबलं, त्यात शेवटी बरोबर वेळेवर दाबलं गेलं, ते पायानं.

पुढच्या रांगेत लंकाबाई उभी राहिली. सगळं मैदान शांत, अरिबाचा मऊ आवाज, आणि त्याच्यावरून ही म्हणाली, "अहो, पाय लागला. पाया पडा."

पन्नास वर्षं तिच्याबरोबर काढल्यावर माणूस 'पाया पडा' ऐकलं की विचार करत नाही. मी हात जोडले, वाकलो, आणि डबीवर डोकं टेकवलं.

डबीचं बटण नेमकं कपाळाच्या खाली आलं. दिवा लागला. शेवटच्या ओळीत आई लेकराच्या अंगावर गोधडी टाकते, तिथं ती भिंत परत उभी राहिली, आणि एक ध्वनिक्षेपक शिट्टी मारत बंद पडला.

निकालाच्या वेळी परीक्षक किशोर सर, केस माझ्या नातीपेक्षा लांब, माइकवर बोलले. "भोंगा. तुमची कल्पना कळली. माणूस आणि यंत्र, परंपरा आणि आवाज, डोकं टेकणारा म्हातारा. फार धाडसी. पण गिटारचा टोन सलग राहिला नाही. का?"

माइक हर्षालीच्या हातात होता. एक वाक्य बोलली असती तर खापर माझ्यावर आलं असतं आणि ते खरं होतं. ती म्हणाली, "चुकलं सर आमचं."

नंबर आला नाही. पहिला नाही, दुसरा नाही, उत्तेजनार्थ पण नाही.  लंकाबाई रिक्षात माझ्याशी बोलत नव्हती, मी देवाला लाथ मारली होती. घरी आल्यावर हर्षालीनं गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि पिशवी बापाच्या खोलीच्या दाराशी ठेवून दिली. कुणी मागितली नव्हती.

दसऱ्याला सकाळी संतोष गाडी धूत होता. मला रात्रभर झोप नव्हती. मी आयुष्यात संतोषपुढं कधी पडतं घेतलं नाही, ना त्याच्या लहानपणी, ना मोठेपणी. पण खाली गेलो. त्याच्या हातात आपट्याचं पान दिलं आणि म्हटलं, "संत्या, पोरीची काही चूक नाही. तिनं बरोबर वाजवलं. मी बिघडवलं. गिटार विकू नको."

त्यानं नळ बंद केला. "नाही विकत, आबा. मी परवाच ठरवलंय."

"परवा? स्पर्धेच्या आधीच?"

"हो. नंबर आला काय, नाही आला काय. गिटार राहू दे."

 म्हटलं, माझं पोरगं. वरून दगड, आतून कलेची जाण. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "का रे, कधी ऐकलंस तिचं?"

"ऐकलं कुठं? रात्रपाळीत झोपेत असतो मी," तो फडकं पिळत म्हणाला. "पण आबा, पितृपक्षापासून तुम्ही रोज त्या गिटारच्या दुकानात. इथं घंटागाडीवाल्याशी भांडण नाही, पाणीवाल्याशी नाही, वरच्या मजल्यावरच्यांनी पहिल्यांदा आपल्या घरी फराळाचं पाठवलं. हर्षालीची मम्मी म्हणाली, दुपारी दोन तास सलग झोप लागली. मला पण दिवसा झोप लागायला लागली. मी म्हटलं, गिटार विकली आणि हे परत घरी बसले तर? त्यापेक्षा वाजवू दे तिला."

मी त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. 

त्यानं तिथूनच वर बघून हाक मारली. हर्षाली गॅलरीत आली, डोळे सुजलेले.

"हर्षू, गिटार ठेव. अट एकच. तालमीला जाशील तिथं आबांना घेऊन जायचं. रोज."

मला वाटलं, पोरगी आनंदानं खाली पळत येईल. ती गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिली. माझ्याकडं बघितलं. बापाकडं बघितलं. परत माझ्याकडं बघितलं.

"पप्पा," ती म्हणाली, "संध्याकाळपर्यंत विचार करून सांगते."

संध्याकाळी ती हो म्हणाली, तिला मी माफ केलंय, तिचा बिचारीचा त्यात जीव अडकलाय. लंकाबाई पण आता बोलायला लागलीय. पण भर अंगणात, सणाच्या दिवशी, बापाला घरातली कटकट म्हणणाऱ्यानं अजून माफी मागितलेली नाही. रंगनाथ, अंकात त्याचं नाव पूर्ण छाप, पत्त्यासकट: संतोष कारभारी गांगुर्डे, राहणार माझ्याच घरात.